प्रतिपालक कुटुंबातील मूल, त्याची बोली आणि समुपदेशन

शेवंती (धागाकर्ती)

बाल कल्याण समितीच्या आदेशाने गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी दहा वर्षांची एक मुलगी प्रतिपालकत्वाखाली राहते आहे. ती सातपुड्यातील पावरा या आदिवासी समाजातील आहे. तिची आई हयात नाही, वडील दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले आहेत आणि मामाच्या घरची घडी बसेपर्यंत ती आमच्याकडे राहणार आहे. हे दत्तक नव्हे, याची आम्हा उभयतांना पूर्ण जाणीव आहे.

तिला दर पंधरवड्याला समुपदेशनासाठी नेतो. समुपदेशक मनापासून काम करतात, परंतु त्यांच्या पद्धतीविषयी मला काही प्रश्न पडले आहेत. तिच्यासमोर आनंदी, दुःखी, रागावलेल्या आणि घाबरलेल्या चेहऱ्यांचा तक्ता ठेवतात व आज कसे वाटते ते बोट ठेवून दाखव म्हणतात. ती प्रत्येक वेळी आनंदी चेहऱ्यावर बोट ठेवते आणि घरी आल्यावर पोट दुखते म्हणून न जेवता झोपते. एकदा तिला घराचे चित्र काढायला सांगितले होते. तिने काढलेल्या घराला खिडकी नव्हती, त्यावरून ‘मुलगी स्वतःला मिटून घेते’ अशा अर्थाची नोंद अहवालात झाली.

अशा मुलांना मानसिक आधार देताना त्यांची भाषा, रीतीभाती आणि श्रद्धा यांना किती स्थान असावे आणि आम्ही समुपदेशकांकडे नेमके काय मागावे, हे मला समजून घ्यायचे आहे. तिच्या आजीची तिला होळीसाठी पाड्यावर नेण्याची इच्छा आहे. पाठवल्यास ती अधिक अस्वस्थ होऊन परतेल असे काही जण सांगतात. जाणकारांनी कृपया लिहावे.

पायथ्याचा

शेवंतीताई, मी त्याच समाजातला आहे. आमच्याकडच्या जुन्या घरांना खिडकी नसतेच. बांबूच्या कुडावर शेणमातीचा लेप असतो, उजेड दारातून येतो आणि थोडाफार कुडाच्या फटींतून. घरे एकमेकांना खेटून नसतात, ज्याचे शेत तिथे त्याचे घर. तुमच्या मुलीने तिचे घर काढले आहे आणि बरोबर काढले आहे. त्या चित्रात दार कुठे होते, दारात कोण उभे होते आणि शेजारी गोठा होता का, हे कोणी तिला विचारले का?

शेवंती

नाही, विचारले नाही. दार मोठे होते आणि शेजारी दोन बकऱ्या होत्या, हे मला आठवते.

नीरज_स

आधी एक विनंती. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही आणि उल्लंघन झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण नाव, गाव लिहिलेले नाही हे योग्यच केले. पुढील चर्चेतही आपले शहर, शाळा आणि वडिलांचा आजार यांविषयी अधिक लिहू नये.

आता मूळ प्रश्न. मी बाल संरक्षणाच्या क्षेत्रात काम करतो. प्रतिपालकत्व याच अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये येते. बाधक ठरत नसेल तर जन्मदात्यांनी मुलाला नियमित भेटावे, भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे आणि घरची परिस्थिती अनुकूल झाल्यावर मूल परत जावे, असाच त्या कलमाचा रोख आहे. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा विसावा अनुच्छेद तर स्पष्ट सांगतो की, कुटुंबापासून दूर झालेल्या मुलाची व्यवस्था करताना त्याच्या संगोपनातील सातत्य आणि त्याची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमी यांचा यथोचित विचार व्हावा. त्यामुळे आजीची भेट किंवा बोली जाणणारी व्यक्ती मागताना कुणाकडे मेहेरबानी मागत आहोत असे आपण समजू नये. जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशकाचे पद असते, तिथे लेखी अर्ज द्यावा आणि मुलीच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात या गोष्टींची नोंद करून घ्यावी. तोंडी सांगितलेले अधिकारी बदलले की विसरले जाते.

केतकी

मी बालमानसतज्ज्ञ आहे आणि संस्थांमधील व प्रतिपालक कुटुंबांतील मुलांबरोबर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चेहऱ्यांचा तक्ता हे वाईट साधन नाही. परंतु भावनेला नाव देऊन ती परक्या मोठ्या माणसाला सांगणे ही सवय सगळ्या घरांत लावली जात नाही. पुष्कळ घरांत मूल वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवून गप्प बसते आणि त्यालाच चांगले वळण म्हणतात. तेच मूल समुपदेशनाच्या खोलीत आले की ‘प्रतिसाद देत नाही’ असा शेरा मिळतो. या मुलीला आनंदी चेहरा हेच अपेक्षित उत्तर वाटत असणार. प्रतिपालक कुटुंबातील मुलाला एक धास्ती कायम असते, ती म्हणजे आपण दुःखी दिसलो तर हे लोक आपल्याला परत पाठवतील किंवा आपल्या घरच्यांना दोष देतील. तिच्या मनातले खरे काय ते तिचे पोट सांगते आहे. डॉक्टरांकडून तपासून घ्याच, पण तपासणीत काही निघाले नाही तर ‘नाटक करते’ असे कोणी म्हणू नये. दुःख शरीरातून सांगणे ही आपल्याकडे मोठ्यांचीही रीत आहे.

दुसरी गोष्ट शोकाची. वडील आहेत पण जवळ नाहीत, घर आहे पण तिथे राहता येत नाही, अशा नुकसानीला पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात अनिश्चित वियोग म्हटले. मृत्यूनंतर समाज रडायला जागा देतो, विधी असतात, माणसे येऊन बसतात. या वियोगात त्यातले काहीच नसते, म्हणून तो साचत जातो. आजीशी दर आठवड्याला ठरलेल्या वारी फोनवर तिच्या बोलीत बोलणे हा माझ्या मते तिच्यासाठी पहिला उपचार आहे. तो समुपदेशनाच्या आधी सुरू व्हायला हवा होता.

समुपदेशकांकडे तीन गोष्टी मागा. तिची बोली पावरी जाणणारी प्रौढ स्त्री दुभाषी म्हणून असावी. ती नात्यातली किंवा गावातली नसावी, नाहीतर मुलगी घरचे काही बोलणार नाही आणि बोललेले पाड्यावर पोहोचेल अशी भीतीही राहील. प्रश्नोत्तरांऐवजी हातांना काम द्यावे, माती, बिया, दोरा, काहीही चालेल, कारण हात चालू असताना मुले नजरेला नजर न देता बोलू शकतात. आणि तिची जीवनकथा-वही सुरू करावी, ज्यात तिचे घर, माणसे, जनावरे, झाडे, ती इथे का आली आणि पुढे काय ठरले आहे, हे सारे तिच्या चित्रांनी व शब्दांनी यावे. ‘इथे का आले’ या पानावर खोटे लिहू नये.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा ‘संवाद’ हा उपक्रम अशा कठीण परिस्थितीतील मुलांसोबत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. आपल्या समुपदेशकांना त्याविषयी जरूर सांगावे.

उत्तरा_क

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. आमच्या नात्यात एका दांपत्याने अशाच एका मुलाला सांभाळले. त्यांनी बोली, रीती यांचा फार विचार केला नाही. वेळेवर जेवण, ठरलेली झोपेची वेळ, न ओरडता बोलणे आणि दिलेला शब्द पाळणे, एवढे कसोशीने केले आणि मुलगा सावरला. प्रत्येक गोष्टीत त्याची संस्कृती शोधत बसलो तर तो या घरात कायम पाहुणाच राहील, अशी मला भीती वाटते.

केतकी

उत्तराताई, तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी पायाच्या आहेत आणि त्यांच्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ आहे. माझे म्हणणे इतकेच की, न ओरडता बोललेलेही मुलाला कळायला लागते. आपली मराठी तिला वर्गात येते, पण घाबरून मध्यरात्री जाग आल्यावर तिला कोणती भाषा आठवते, याचाही विचार करायला हवा.

गोदाकाठ

आमच्या शाकाहारी घरी एक मुलगा काही काळ होता. तो सुकी मासळी मागायचा आणि आमच्या सासूबाईंना वास सहन होत नसे. त्याला कुणी रागावले नाही, पण घरातले नाक मुरडणे त्याला दिसत होते. काही दिवसांनी त्याने मागणे बंद केले आणि आम्हाला वाटले, त्याला आता वरणभात आवडू लागला. शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली आणि रविवारी त्याच्याकडूनच बोंबील भाजायला शिकल्या, स्वतः मात्र खाल्ले नाहीत. त्या चुलीपाशी तो जेवढे बोलला तेवढे घरात कधीच बोलला नव्हता. ताटातल्या पदार्थाला घाण म्हटले की मूल आपल्या आईलाच घाण म्हटले असे ऐकते, असे मला वाटते. मुलाला कुटुंबात देण्यापूर्वी गृहभेटीत हा प्रश्न स्पष्ट विचारला जावा.

पायथ्याचा

गोदाकाठ, आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. शेवंतीताई, भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ आणि लाल मिरचीची चटणी एवढे मिळाले तरी ती पोटभर जेवेल असे वाटते. आश्रमशाळेत मला पहिले वर्षभर मराठी नीट कळत नव्हती आणि गुरुजी मला मंद समजत होते. त्या काळात वरच्या वर्गातला एक मुलगा रात्री आमच्या बोलीत गोष्टी सांगायचा, त्यामुळे मी तिथे टिकलो.

वाटसरू

मी फासेपारधी समाजातून आलो आणि वसतिगृहांत वाढलो. आतापर्यंतचे बहुतेक प्रतिसाद मला पटले, तरीही एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्या पूर्वजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये तो कायदा जाऊनही शिक्का पुसला गेला नाही. वसतिगृहात काही हरवले की प्रथम माझी पेटी उघडली जाई. अशा मुलासमोर एखादे सहृदय समुपदेशक बसतात आणि ‘तुमच्यात काय पद्धत असते?’ असे विचारतात, तेव्हा हेतू चांगला असला तरी मुलाला वाटते की पेटी पुन्हा उघडली जात आहे. मला माझी भाषा चारचौघांत बोलायची लाज वाटत असे आणि ती लाज मला जगाने शिकवली होती. माझ्या वतीने कुणी वर्गात ‘हा पारधी आहे, याला सांभाळून घ्या’ असे सांगितले असते तर मी शाळाच सोडली असती.

म्हणून माझे आग्रहाचे मत आहे की, मुलाची संस्कृती कोणती हे त्याच्या जातीच्या दाखल्यावरून ठरवू नये. काय जपायचे, काय सोडायचे आणि कुणाला काय सांगायचे, हे त्याने ठरवावे आणि ठरवलेले बदलण्याची मुभाही त्याला असावी. शाळेला किती माहिती द्यायची हे मुलीला विचारल्याशिवाय ठरवू नका. तिच्या समाजावर कुणी शेरा मारला तर मात्र तिच्या देखत, स्पष्ट शब्दांत तिची बाजू घ्या. आम्हाला समुपदेशनापेक्षा त्याची अधिक गरज होती.

केतकी

वाटसरू, आपला प्रतिसाद मी प्रशिक्षणात वापरू इच्छिते. परवानगी असेल तर कळवावे. भेदभावाचा अनुभव हाही मनावरचा आघात असतो आणि आमच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत त्याला फारशी जागा नसते, हे मान्य आहे.

वाटसरू

अवश्य वापरा.

माईसाहेब

मी बालगृहात गृहमाता होते. एका मुलाचे वडील वारले होते आणि ‘ते कामाला परगावी गेलेत’ असे त्याला सगळ्यांनी सांगितले होते. नातेवाइकांनी दहावे-तेरावे त्याच्या अपरोक्ष उरकले. मुलाला संशय होताच. तो फाटकाजवळ बसून राही आणि लहान मुलांना मारी. समुपदेशकांनी काकांना बोलावून घेतले, काकांनी त्याच्याच भाषेत त्याला खरे सांगितले आणि पितृपक्षात समितीच्या परवानगीने त्याला घरी नेऊन वडिलांच्या नावाने पान ठेवले. परत आल्यावर तो खूप रडला, नंतर वडील कशाने गेले, त्यांना त्रास झाला का, असे प्रश्न विचारू लागला. मारणे लगेच थांबले नाही, हळूहळू कमी होत गेले. पुढे एका मुस्लिम मुलीच्या आईच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, तिला पाठवण्यासाठी आम्ही हाच अनुभव पुढे ठेवून परवानगी मिळवली. मुलाला शोकाच्या विधीपासून दूर ठेवणे म्हणजे त्याचे रक्षण, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि त्याने फार नुकसान होते.

उत्तरा_क

माईसाहेब, हे वाचून माझे मत बरेच बदलले. तरीही एक शंका उरते. आजीने त्या मुलीला झाडफूक करणाऱ्या भगताकडे नेले तर? तेही संस्कृती म्हणून स्वीकारायचे का?

नीरज_स

सरसकट उत्तर देता येणार नाही, म्हणून सीमा कुठे आखायची ते सांगतो. मेळघाटात लहान मुलांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याचे प्रकार घडले आहेत. असे काही घडत असेल तर तो सरळ गुन्हा आहे; त्यात बाल न्याय अधिनियम लागू होतोच, शिवाय अघोरी प्रथांविरुद्धचा राज्याचा २०१३ चा कायदाही आहे. इजा, उपास, औषध बंद करणे, पैसे उकळणे किंवा मुलीला ‘बाधित’ ठरवणे यांपैकी काहीही होता कामा नये. पण आजीने अंगारा लावला, दोरा बांधला किंवा देवाला नारळ फोडला तर त्यात मुलीला आपले माणूस आपल्यासाठी काही करते आहे असे जाणवते. मी आजीशी आधीच बोलून घेईन आणि तिला विश्वासात घेऊन डॉक्टरांचे उपचारही सांगेन.

पायथ्याचा

नीरजभाऊ, सहमत आहे. सगळे भगत सारखे नसतात. आमच्याकडच्या एका वृद्ध भगताने तापाच्या रुग्णांना स्वतः दवाखान्यात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा लोक दवाखान्यात जाऊ लागले.

मेलबर्नवासी

इथल्या व्यवस्थेत आलेला एक अनुभव मांडते. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात अनेक दशके आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून संस्थांमध्ये आणि गोऱ्या घरांत वाढवले गेले. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. आता अशा मुलासाठी आधी नातेवाईक, मग त्याच समाजातील कुटुंब आणि तेही शक्य नसेल तरच इतर, असा क्रम मानला जातो. व्हिक्टोरिया राज्यात घराबाहेर ठेवलेल्या आदिवासी मुलासाठी सांस्कृतिक आराखडा लेखी करावा लागतो. मुलाने कोणत्या नातेवाइकांना कधी भेटायचे, कोणत्या सणाला कुठे जायचे आणि त्यासाठी कुणी न्यायचे, हे त्यात असते. इतके असूनही इथे आदिवासी मुले कुटुंबाबाहेर ठेवली जाण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा फार जास्त आहे. चांगले समुपदेशन हे कुटुंबाला वेळेवर मदत देण्याला पर्याय होऊ शकत नाही, हे मी इथे पाहते.

लेस्टरकर

मेलबर्नवासींच्या प्रतिसादाला दुसरी बाजू जोडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ च्या बालक कायद्यात धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा विचार करण्याची तरतूद आहे व प्रतिपालकत्वात तिचा उपयोग होतो. परंतु दत्तकविधानात अगदी जुळणारे कुटुंब शोधता शोधता कृष्णवर्णीय मुलांना अधिक काळ थांबावे लागते, असे म्हणत सरकारने २०१४ मध्ये इंग्लंडमधील दत्तकविधानापुरती वंश-संस्कृतीच्या विशेष विचाराची अट काढून टाकली. त्यावर इथे आजही मतभेद आहेत. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, जुळणारे घर मिळेपर्यंत मुलाला संस्थेत ताटकळत ठेवू नये आणि न जुळणाऱ्या घराने शिकण्याची तयारी ठेवावी, जशी शेवंतीताईंनी ठेवली आहे.

गोदाकाठ

खर्चाचाही विचार व्हावा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा ४००० रुपये मिळतात. त्यात शाळा, औषधे आणि पाड्यापर्यंतचा प्रवास बसत नाही. आजीच्या भेटीचा प्रवासखर्च वेगळा मिळावा, अशी मागणी आपण सर्वांनी करायला हवी.

शेवंती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाटसरू यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी प्रथम मुलीशीच बोलले. होळीला जायचे आहे का, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली की जायचे आहे, पण परत कधी यायचे ते आधी सांगा. तिला तारीख हवी होती. आम्ही दिनदर्शिकेवर जाण्याचा आणि येण्याचा दिवस तिच्याच हाताने खुणावून घेतला. शाळेत फक्त ‘आजीकडे जाते’ एवढेच सांगायचे, हेही तिनेच ठरवले.

समुपदेशकांना मी चित्राविषयी पायथ्याचा यांनी लिहिलेले वाचून दाखवले. त्यांनी ते मोकळ्या मनाने ऐकले, अहवालात दुरुस्ती केली आणि दुभाषीसाठी स्वतः पत्र दिले. नंतरच्या भेटीत त्यांनी तिला बकऱ्यांची नावे विचारली आणि ती बराच वेळ बोलली, एका बकरीची खोड सांगताना हसलीही. पोटदुखी अजून आहे, मात्र आजीशी फोन झाल्यावर त्या रात्री ती जेवते.

आता माझा पुढचा प्रश्न. मामाच्या घराची पाहणी सुरू झाली आहे आणि कदाचित पुढच्या वर्षी ती परत जाईल. तिची आणि आमचीही तयारी कशी करावी?

केतकी

परत जाणे ही चांगली बातमी असली तरी तिच्यासाठी तो आणखी एक वियोग आहे, म्हणून तो एका दिवसात उरकू नये. मामा-मामींनी आधी आपल्या घरी यावे, तिने त्यांच्यासमोर तुम्हाला हक्काने हाक मारावी आणि त्यांना ते चालते हे तिला दिसावे. मग काही दिवसांचे मुक्काम, नंतर कायमचे जाणे. ‘आम्हाला विसरशील ना?’ असे थट्टेनेही म्हणू नये. दोन्हीकडची माया एकाच वेळी बाळगण्याची तिला मोकळीक हवी. जीवनकथा-वहीत तुमच्या घराची पाने असावीत आणि वही तिच्यासोबत जावी. पुढेही समुपदेशन तालुक्याच्या ठिकाणी चालू राहील असे आदेशातच लिहून घ्या. तुम्हा दोघांनाही बोलावेसे वाटेल तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

नीरज_स

समितीकडे देण्याच्या अर्जात टप्प्याटप्प्याने परतण्याचा आराखडा, प्रत्येक मुक्कामाच्या तारखा आणि मुलीचे स्वतःचे म्हणणे, अशा तीनही गोष्टी लिहा. मसुदा तयार झाला की नावे वगळून मला संदेशातून पाठवा, मी तपासून देतो.

पायथ्याचा

तालुक्याला पावरी बोलणारी एक शिक्षिका माझ्या ओळखीची आहे, ती दुभाषी म्हणून येण्यास तयार आहे. मुलीच्या गावाशी किंवा नात्याशी तिचा संबंध नाही ना, हे मात्र कक्षाने तपासावे. तिचा क्रमांक मी नीरजभाऊंना कळवतो, म्हणजे नेमणूक कक्षामार्फतच होईल.